जॅझ कुठून आलं? ड्रमसेटमागे बसून दिलेलं उत्तर

तबला शिकणाऱ्या एका तरुणाने विचारलं आहे: "आफ्रिकेचा ताल अधिक युरोपची हार्मनी (एकाच वेळी वाजणाऱ्या सुरांची जुळणी) म्हणजे जॅझ, असं जिथे तिथे वाचायला मिळतं. पण आफ्रिकन माणसांना गुलाम करून क्युबात नेलं, ब्राझीलमध्ये नेलं, आणि युरोपियन वाद्यं तिथेही होती. मग जॅझ न्यू ऑर्लिन्समध्येच का जन्मलं? आणि त्यात खरंच मनाला येईल ते वाजवतात का?"

पहिला प्रश्न फार चांगला आहे. ही बेरीज मीही अनेक वर्षं विद्यार्थ्यांना सांगत आलो, आणि ती अपुरी आहे हे मला उशिरा कळलं. मी ३४ वर्षं ड्रम वाजवतो आहे, त्याआधी सहा वर्षं तबला शिकलो. त्यामुळे उत्तर लयीच्या अंगाने देतो. सनईवाल्याने किंवा पेटीवाल्याने दिलं असतं तर ते वेगळं झालं असतं.

आधी समोरच्या ड्रमसेटकडे नीट पाहा. स्नेअर आणि बास ड्रम हे युरोपियन लष्करी बँडचे ढोल. सिंबल म्हणजे झांजा, त्यांची उत्तम घडण तुर्कांची. टॉम-टॉम सुरुवातीला चिनी असायचे, कातडं खिळ्यांनी ठोकलेले, अमेरिकेत स्थायिक झालेल्या चिनी लोकांकडून आलेले. आणि या सगळ्यावर जे वाजतं ते आफ्रिकेतून, बरंचसं कॅरिबियन बेटांमार्गे आलेलं. दीडशे वर्षांपूर्वी हे वाद्य जगात कुठेही नव्हतं. चार ठिकाणचे तुकडे एका माणसाच्या हातापायांखाली आले, आणि ते ज्या काळात आले त्याच काळात जॅझही घडलं.

आता क्युबाचा मुद्दा. क्युबात आणि ब्राझीलमध्ये आफ्रिकन ढोल टिकला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आफ्रिकेतून माणसं तिथे आणली जात होती, म्हणजे ताल जाणणारे नवे हात सतत येत होते. आजच्या अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींत वेगळं घडलं. १७३९ साली साउथ कॅरोलिनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला आणि ढोल वाजवत माणसं गोळा केली. पुढच्याच वर्षी तिथल्या कायद्याने गुलामांना ढोल आणि शिंगं बाळगायला बंदी केली. मालकांना ढोलाची भीती वाटत होती, कारण ढोल दूरवर निरोप पोहोचवतो. नंतर १८०८ पासून अमेरिकेने परदेशातून गुलाम आणणंही कायद्याने बंद केलं.

ढोल गेला म्हणून ताल गेला नाही. तो टाळ्यांत गेला, जमिनीवर आपटणाऱ्या पायांत गेला, शेतात काम करताना म्हणायच्या गाण्यांत गेला, चर्चमध्ये गोलाकार फिरत म्हणायच्या प्रार्थनेत गेला. तबलावादक म्हणून क्षणभर कल्पना करा की तबला काढून घेतला आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या फक्त पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, उरली आहे. अमेरिकेतल्या काळ्या संगीतात बोलणं, गाणं आणि ताल एकमेकांत इतके मिसळलेले का आहेत, याचं मला पटणारं उत्तर हे आहे. ज्या समाजाचा ढोल हिरावला गेला त्याच्या हाती न्यू ऑर्लिन्समध्ये पुन्हा ढोल आला, पण तो लष्कराचा, वेगळ्या आवाजाचा आणि वेगळ्या सवयीचा. क्युबाला ही फेरी मारावी लागली नाही. म्हणून तिथे रुंबा झाली, सोन झालं, आणि इथे जॅझ झालं.

पण हे न्यू ऑर्लिन्समध्येच का, चार्ल्सटनला किंवा न्यू यॉर्कला का नाही, याचं कारण त्या शहराच्या घडणीत आहे. १७१८ मध्ये फ्रेंचांनी ते वसवलं, नंतर ते स्पेनकडे गेलं, पुन्हा फ्रान्सकडे आलं आणि १८०३ मध्ये अमेरिकेने विकत घेतलं. फ्रेंच लुईझियानाच्या १७२४ च्या गुलामविषयक कायद्यात रविवारी काम घेऊ नये असं कलम होतं. कायदा क्रूरच होता, त्यात शंका नको. पण त्या एका सुट्टीमुळे रविवारी दुपारी गुलाम माणसं शहराबाहेरच्या मैदानात जमायची, बाजार भरवायची, नाचायची. १८१७ मध्ये शहराने अशा जमण्याला एकच जागा ठरवून दिली. तीच पुढे काँगो स्क्वेअर म्हणून ओळखली गेली. १८१९ मध्ये वास्तुविशारद बेंजामिन लॅट्रोबने तिथे पाच-सहाशे माणसं पाहिली: वेगवेगळी रिंगणं, ढोलावर घोड्यासारखा बसून बोटांनी वाजवणारा म्हातारा, बँजोसारखं एक तंतुवाद्य. त्याला ते आवडलं नाही, तरी त्याने चित्रं काढून ठेवली, हे आपलं भाग्य.

त्याच्या थोडं आधी, १८०९-१० च्या सुमारास, हैतीच्या क्रांतीतून निसटून क्युबात आसरा घेतलेली सुमारे ९,००० माणसं न्यू ऑर्लिन्सला आली. गोरे, स्वतंत्र मिश्रवर्णी आणि गुलाम, तिन्ही प्रकारची. शहराची लोकसंख्या जवळजवळ दुप्पट झाली. त्यांच्याबरोबर कॅरिबियन लय आली. जेली रोल मॉर्टन या पियानोवादकाने १९३८ मध्ये ध्वनिमुद्रित मुलाखतीत सांगितलं की तुमच्या वादनात स्पॅनिश छटा नसेल तर जॅझला लागणारा मसाला साधणार नाही. डाव्या हातात हाबानेरा या क्युबन नाचाचा ठेका धरून त्याने ते वाजवूनही दाखवलं. मॉर्टन स्वतःबद्दल वाढवून बोलायचा, पण या बाबतीत तो बरोबर आहे असं माझे हात मला सांगतात.

इथे एक सावधगिरी. काँगो स्क्वेअरमधून सरळ जॅझ निघालं, असं पर्यटकांना सांगितलं जातं. तिथले रविवारचे मेळावे यादवी युद्धाच्या आधीच ओसरले होते, आणि जॅझ वाजवणारी पहिली पिढी जन्मली ती १८७० च्या पुढे. त्या पिढीतल्या कुणी ते ढोल ऐकले नव्हते. त्यांनी ऐकलं ते रस्त्यावरच्या मिरवणुकीत, चर्चमध्ये आणि नाचाच्या दिवाणखान्यात. दुवा आहे, पण तो वाद्यांचा नाही, अंगात मुरलेल्या चालीचा आहे.

मिरवणुकीवर थोडा थांबतो, कारण माझ्या मते सगळं तिथेच आहे. यादवी युद्धानंतर न्यू ऑर्लिन्समधल्या काळ्या लोकांनी परस्पर मदतीच्या मंडळ्या काढल्या. सभासद ठरावीक वर्गणी भरायचे, आजारपणात मंडळी डॉक्टरचा खर्च करायची आणि मेल्यावर अंत्यसंस्काराचा. विमा कंपन्या या लोकांना विचारत नव्हत्या, तेव्हा हा त्यांचा विमा. आणि अंत्ययात्रेला ब्रास बँड असायचाच. दफनभूमीकडे जाताना बँड संथ भजनं वाजवायचा. स्नेअरच्या खालच्या तारा सैल करून किंवा कापड घालून त्याचा आवाज बसवलेला, बास ड्रमचा ठोका जड आणि विरळ. शव मातीआड झालं आणि दफनभूमीपासून थोडं दूर आलं की स्नेअरच्या तारा पुन्हा ताणल्या जायच्या, ड्रमर एक छोटा रोल द्यायचा आणि बँड जलद, नाचरं काहीतरी सुरू करायचा. मागे चालणारी माणसं छत्र्या आणि रुमाल नाचवत सामील व्हायची. बँड आणि मंडळीचे सभासद ही पहिली ओळ, मागची गर्दी ही दुसरी ओळ. त्या दुसऱ्या ओळीच्या चालीला आणि तालाला आजही 'सेकंड लाइन' म्हणतात.

आता हातात काठी घेऊन बघा. लष्करी कूचेत चार मात्रांतल्या पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर जोर असतो: डावा, उजवा, डावा, उजवा, सरळ. न्यू ऑर्लिन्सच्या बास ड्रमवाल्याने चार-चार मात्रांच्या दोन तुकड्यांची जोडी केली आणि दुसऱ्यातल्या चौथ्या मात्रेवर जोरदार ठोका ठेवला. त्या एका ठोक्याने सैनिकाची चाल मोडते आणि कंबर हलते. या ठोक्याचं श्रेय बडी बोल्डन या कॉर्नेटवादकाच्या (कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचा आखूड भाऊ) बँडला दिलं जातं. नेमकं कुणी केलं ते महत्त्वाचं नाही. लष्करी ढोल होता तोच राहिला, फक्त जोर सरकला, आणि शंभर वर्षं दबलेलं काहीतरी त्या सरकण्यातून वर आलं. विद्यार्थ्यांना मी हा ठोका बसून वाजवू देत नाही, ढोल गळ्यात अडकवून चालायला लावतो. चालल्याशिवाय तो कळत नाही.

बोल्डन १८७७ मध्ये जन्मला. तो दूरवर ऐकू जाईल इतकं मोठं वाजवायचा आणि नाचाच्या गाण्यांत ब्लूज, म्हणजे काळ्या लोकांची दुःखाची गाणी, मिसळायचा, असं त्याला ऐकलेल्या सगळ्यांनी सांगितलं आहे. १९०७ मध्ये त्याला मनोरुग्णालयात दाखल केलं आणि १९३१ मध्ये तो तिथेच वारला. त्याचं एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. जॅझच्या पहिल्या मोठ्या वादकाचा आवाज आपल्याला कधीच ऐकता येणार नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

दुसरा धागा क्रिओल लोकांचा. फ्रेंच बोलणारे, मिश्रवर्णी, बरेचसे गुलामगिरी संपण्याआधीपासून स्वतंत्र असलेले हे कारागीर आणि व्यापारी. मुलांना ते नोटेशन शिकवायचे, ऑपेराला न्यायचे. टिओ घराण्यात क्लॅरिनेट शिकवण्याची परंपरा होती. बार्नी बिगार्ड, जिमी नून यांच्यासारखे पुढचे मोठे वादक तिथूनच निघाले. हे लोक स्वतःला शहराच्या वरच्या भागातल्या, नुकत्याच मुक्त झालेल्या काळ्या मजुरांपेक्षा वेगळे मानायचे. मग लुईझियानाने १८९० मध्ये रेल्वेत गोऱ्या आणि काळ्या प्रवाशांचे डबे वेगळे करण्याचा कायदा केला. त्याला आव्हान देण्यासाठी न्यू ऑर्लिन्सचा क्रिओल चर्मकार होमर प्लेसी १८९२ मध्ये मुद्दाम गोऱ्यांच्या डब्यात बसला. तो खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १८९६ मध्ये निकाल प्लेसीच्या विरुद्ध लागला. क्रिओल असो वा मजूर, कायद्याच्या लेखी सगळे काळे ठरले. अन्याय उघड होता, आणि त्याचा संगीतावर परिणाम असा झाला की कागद वाचणारा क्लॅरिनेटवाला आणि कानाने ब्लूज वाजवणारा कॉर्नेटवाला एकाच कामासाठी एकाच बँडमध्ये आले. पहिल्याला दुसऱ्याकडून धग घ्यावी लागली, दुसऱ्याला पहिल्याकडून शिस्त.

ब्लूजबद्दल तुम्हाला, राग ऐकणाऱ्याला, दोन गोष्टी चटकन कळतील. ब्लूजचं आवर्तन बहुधा १२ बारांचं असतं. एक बार चार मात्रांचा, म्हणजे ४८ मात्रांचं. गायक एक ओळ म्हणतो, तीच पुन्हा म्हणतो, तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर देतो. प्रत्येक ओळ आपल्या चार बारांतले साधारण अडीचच बार घेते, उरलेली जागा वाद्याने उत्तर द्यायची असते. ही देवाणघेवाण जॅझचा कणा आहे. दुसरी गोष्ट सुरांची: ब्लूजचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी राहतो आणि हलतो. गळ्याला, गिटारला, ट्रॉम्बोनला तो सहज मिळतो. पियानोला मिळत नाही, म्हणून पियानोवादक शेजारच्या दोन पट्ट्या एकत्र घासून त्याचा भास करतो.

रॅगटाइमवर फार वेळ घालवत नाही. तो लिहिलेला, पियानोचा, नेटका प्रकार. १८९९ मध्ये स्कॉट जॉप्लिनच्या एका रॅगने तो घराघरांत नेला. डाव्या हाताची सरळ चाल आणि उजव्या हाताचे मात्रेच्या आडून येणारे सूर, हे त्याचं जॅझला देणं.

आता ड्रमसेट कसा झाला ते. रस्त्यावर स्नेअरला एक माणूस, बास ड्रमला दुसरा, झांजेला कधी तिसरा. नाचाच्या हॉलमध्ये तेवढी जागा नसायची आणि तेवढे पैसे तर नसायचेच. म्हणून एकानेच हातांनी दोन्ही वाजवायचे प्रयोग सुरू झाले. न्यू ऑर्लिन्सच्या डी डी चँडलरने १८९० च्या दशकात पायाने बास ड्रम वाजवायचं घरगुती पेडल केलं. १९०९ मध्ये शिकागोत विल्यम लुडविगने पक्कं, कारखान्यात बनणारं पेडल बाजारात आणलं आणि एका माणसाचा ताल-विभाग शक्य झाला. काटकसरीतून आलेलं हे वाद्य आहे. पण एका डोक्याने चार अवयव चालवायचे म्हटल्यावर तीन माणसांनी कधी न केलेला संवाद त्या अवयवांत सुरू होतो. बेबी डॉड्स हा त्या पहिल्या पिढीतला माझा आवडता. सोबत करताना तो गाण्याच्या प्रत्येक भागाला वेगळा रंग द्यायचा, अगदी तबलजी स्थायी आणि अंतरा ओळखून ठेका खुलवतो तसा.

एक चुकीची समजूत इथेच दूर करतो. जॅझ स्टोरीव्हिलच्या वेश्यावस्तीत जन्मलं, असं सर्रास लिहिलं जातं. त्या वस्तीतल्या घरांत बहुधा एकटा पियानोवादक असायचा. बँड वाजायचे ते उद्यानांत, मंडळ्यांच्या हॉलमध्ये, तळ्याकाठच्या सहलींत, जाहिरातीच्या गाड्यांवर. १९१७ मध्ये नौदलाच्या आग्रहाने ती वस्ती बंद झाली आणि म्हणून वादक शिकागोला गेले, हेही पूर्ण खरं नाही. फ्रेडी केपर्डचा क्रिओल बँड १९१४ पासूनच देशभर दौरे करत होता. दक्षिणेतली दहशत आणि उत्तरेतल्या कारखान्यांतलं काम यामुळे लाखो काळी कुटुंबं रेल्वेने उत्तरेला निघाली होती. वादक आपल्या श्रोत्यांच्या मागे गेले.

पहिलं ध्वनिमुद्रण मात्र एका गोऱ्या बँडचं निघालं, फेब्रुवारी १९१७ मध्ये न्यू यॉर्कला, ओरिजिनल डिक्सीलँड जॅझ बँडचं. न्यू ऑर्लिन्सचा काळा कॉर्नेटवादक किंग ऑलिव्हर याच्या बँडला एप्रिल १९२३ पर्यंत थांबावं लागलं. इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावच्या स्टुडिओत तेव्हा मायक्रोफोन नव्हता, मोठ्या कर्ण्यासमोर वाजवायचं आणि सुई मेणात रेघ कोरणार. बास ड्रमच्या धक्क्याने सुई उडायची, म्हणून बेबी डॉड्सला लाकडी ठोकळ्यांवर भागवावं लागलं. त्या तबकड्या ऐकून जुन्या ड्रमरांचं वादन टकटक आणि पातळ होतं असं समजणाऱ्या लोकांशी मी अनेकदा भांडलो आहे. आपण ऐकतो ती त्या यंत्राची मर्यादा आहे.

त्या बँडमध्ये दुसरा कॉर्नेट २१ वर्षांच्या लुई आर्मस्ट्राँगचा. न्यू ऑर्लिन्सच्या अत्यंत गरीब वस्तीत तो १९०१ मध्ये जन्मला. ११ वर्षांचा असताना वर्षाअखेरच्या रात्री हवेत पिस्तूल झाडलं म्हणून त्याला मुलांच्या सुधारगृहात ठेवलं, आणि तिथल्या बँडमध्ये त्याला पद्धतशीर तालीम मिळाली. तोपर्यंत जॅझ हे सगळ्यांनी मिळून एकाच वेळी विणायचं काम होतं. कॉर्नेट चाल धरणार, क्लॅरिनेट वरून वेलबुट्टी काढणार, ट्रॉम्बोन खालून आधार देणार. आर्मस्ट्राँगने १९२५ पासूनच्या आपल्या छोट्या बँडच्या मुद्रणांत एकट्याचं वादन मध्यभागी आणलं. बँडमधली पियानोवादक लिल हार्डिन, त्याची तेव्हाची पत्नी, हिने त्याला ऑलिव्हरच्या सावलीतून बाहेर पडायला भाग पाडलं होतं, हे विसरू नये. जून १९२८ चं 'वेस्ट एंड ब्लूज' ऐका. सुरुवातीला सोबतीशिवाय वाजवलेली ती १२-१३ सेकंदं अशी आहेत की ताल वाजत नसतानाही लय ऐकू येते.

ती लय म्हणजे स्विंग. मात्रेचे दोन समान भाग केले की दुगुन, तीन केले की तिगुन, हे तुम्हाला माहीतच आहे. तिगुनीतला मधला ठोका गाळून पहिला आणि तिसरा वाजवा: लांब-आखूड, लांब-आखूड. ही स्विंगची पुस्तकी व्याख्या. प्रत्यक्षात हे प्रमाण ठरलेलं नसतं. लय संथ असेल तर लांब भाग आणखी लांबतो, लय चढत गेली की दोन्ही भाग जवळजवळ समान होतात. दुगुन आणि तिगुन यांच्या मधल्या या जागेत वादकाचा स्वभाव दिसतो. आणि टाळी दोन आणि चारवर, एक आणि तीनवर नाही.

१९२६ मध्ये न्यू यॉर्कच्या हार्लेम या काळ्या वस्तीत सव्हॉय बॉलरूम हे नाचघर उघडलं. काळे-गोरे दोघांनाही तिथे प्रवेश होता, जे तेव्हाच्या न्यू यॉर्कमध्ये दुर्मीळ होतं. जवळच्याच कॉटन क्लबमध्ये ड्यूक एलिंग्टनचा बँड १९२७ च्या डिसेंबरपासून वाजवत होता आणि श्रोते मात्र फक्त गोरे. सव्हॉयचा राजा चिक वेब हा ड्रमर. पाठीच्या क्षयामुळे त्याची उंची खुंटली होती, खास बनवलेल्या सेटवर तो बसायचा, आणि मे १९३७ मध्ये त्याने बेनी गुडमनच्या बँडशी समोरासमोर सामना जिंकला. पण ड्रमिंगचा खरा बदल कॅन्सस सिटीहून आला. काउंट बेसीच्या बँडमध्ये जो जोन्सने ठेका बास ड्रमवरून उचलून हाय-हॅटवर, म्हणजे पायाने उघडमीट होणाऱ्या झांजांच्या जोडीवर नेला. वॉल्टर पेजचा बास प्रत्येक मात्रेला एक सूर देत चालायचा, फ्रेडी ग्रीनची गिटार चारही मात्रा हलकेच मोजायची. वजन गेलं आणि गती आली. तुम्ही पखवाजाच्या ठेक्यावरून तबल्याच्या ठेक्यावर आलात तर जे वाटेल, साधारण तसं.

याच जो जोन्सने एका जॅममध्ये, म्हणजे वादकांच्या ऐनवेळच्या मैफिलीत, चुकणाऱ्या पोरगेल्या सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या पायाशी सिंबल फेकून त्याला खाली उतरवलं, असा किस्सा सांगतात. पार्कर त्यानंतर महिनोन्‌महिने रियाजाला बसला.

पुढची वळणं जरा जलद घेतो, एक सोडून. महायुद्धाच्या काळात मोठे बँड पोसणं अवघड झालं. वादक लष्करात गेले, पेट्रोल मिळेना, आणि १९४४ मध्ये नाचाच्या जागांवर ३० टक्के कर बसला, जो पुढे २० वर आला. नाच नसेल तर कर नाही. क्लबवाल्यांनी नाचाची जागा काढून टेबलं मांडली आणि लोक बसून ऐकायला लागले. बीबॉप, म्हणजे नाचापेक्षा ऐकण्यासाठी वाजवलेलं नवं जलद जॅझ, फक्त करामुळे आलं असं कुणी म्हणणार नाही, पण बसलेला श्रोता मिळाल्यावर वादकांना नाचणाऱ्या पायांची काळजी उरली नाही, हे नक्की.

ड्रमर केनी क्लार्कला टेडी हिलच्या बँडमधून काढलं होतं, कारण त्याचे बास ड्रमचे ठोके अनपेक्षित जागी पडायचे. अतिजलद लयीत पायाने चारही मात्रा धरणं थकवणारं होतं, म्हणून त्याने ठेका उजव्या हाताने मोठ्या राइड सिंबलवर नेला. डावा हात आणि उजवा पाय मोकळे झाले, बोलायला. पुढे तोच हिल हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाउस या क्लबचा व्यवस्थापक झाला आणि त्याने क्लार्कलाच तिथे वाजवायला बोलावलं. थेलोनियस मंक पियानोवर, डिझी गिलेस्पी आणि चार्ली पार्कर ये-जा करणारे. युद्धकाळात त्या खोलीत जे झालं त्याने जॅझ ऐकण्याची पद्धत बदलली.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच देता येईल. नाही, मनाला येईल ते वाजवत नाहीत. बहुतेक गाणी ३२ बारांची असतात: आठ बारांची चाल, तीच पुन्हा, मग आठ बार वेगळे, मग मूळ चाल. हे आवर्तन सुरू झालं की संपेपर्यंत फिरत राहतं, आणि प्रत्येक वादकाच्या डोक्यात ते चालू असतं. रागात खाली षड्ज स्थिर असतो आणि तुम्ही रागाच्या सुरांत विस्तार करता. जॅझमध्ये खालची जमीनच सरकते: दर दोन किंवा चार मात्रांना हार्मनी बदलते, आणि आता बरोबर असलेला सूर पुढच्या क्षणी बोचतो. पार्करची थोरवी अशी की अतिद्रुत लयीत या सरकत्या जमिनीवर तो सरळ, अर्थपूर्ण वाक्यं बोलायचा. जॉर्ज गर्शविनच्या १९३० च्या एका गाण्याची हार्मनी घेऊन त्यावर नव्या चाली बांधायची प्रथाच पडली. त्या सांगाड्यावर किती रचना झाल्या त्याला गणती नाही. सांगाडा पाठ नसेल तर पहिल्या मिनिटात तुम्ही उघडे पडता.

या सरकत्या जमिनीचा कंटाळा आला तेव्हा ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने १९५९ मध्ये 'काइंड ऑफ ब्लू' या अल्बममध्ये हार्मनी बरीचशी थांबवली. त्यातल्या पहिल्या रचनेत १६ बार एकच स्वरसप्तक, मग आठ बार तेच अर्ध्या सुराने वर, मग पुन्हा मूळ. ते सप्तक म्हणजे आपला काफी थाट. आपल्याकडच्या श्रोत्याला जॅझमध्ये पहिल्यांदा घरचं वाटतं ते इथे. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन, जो त्या अल्बमवर होता, रविशंकरांचं संगीत ऐकत होता. १९६५ मध्ये जन्मलेल्या मुलाचं नाव त्याने रवी ठेवलं. त्याच्या चौकडीतला एल्विन जोन्स ड्रमवर तिगुनीच्या लाटा अशा फिरवायचा की मात्रा कुठे आहे ते दाखवायची गरजच उरायची नाही. डिसेंबर १९६४ मध्ये मुद्रित झालेल्या 'अ लव्ह सुप्रीम'मध्ये ते ऐका. काँगो स्क्वेअरमधल्या म्हाताऱ्याशी एल्विनचा थेट संबंध कुणी दाखवू शकणार नाही. मला मात्र तो अल्बम लावला की ते रिंगण दिसतं.

मुंबईचा संबंध खरा आहे आणि तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जुना. १९३५ मध्ये लिओन ॲबीचा काळ्या अमेरिकन वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. मागोमाग पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला, जो पुढे कलकत्त्यात वारला. त्यांच्या शेजारी उभं राहून शिकले ते गोव्याचे वादक. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना लहानपणीच सोल्फेज (पाश्चात्य सरगम) आणि व्हायोलिन शिकवलं जायचं, म्हणजे कागद वाचता यायचा. न्यू ऑर्लिन्सच्या क्रिओल वादकांसारखीच ही पूर्वतयारी. हळदोण्याचा अंतोनिओ झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, ट्रम्पेटवर आर्मस्ट्राँगच्या वळणाने वाजवायचा. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांना, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांना, तो संगीतसाहाय्यक म्हणून मिळाला, आणि १९५१ च्या 'अलबेला'त जो ब्रास वाजतो तो तिथून आला आहे. आपल्या आजी-आजोबांनी जॅझ ऐकलं होतं. फक्त त्याला जॅझ म्हणतात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. माझे गुरूही त्याच गोवेकर पिढीतले, स्टुडिओत आयुष्य काढून निवृत्त झालेले.

आता ऐकायला कुठून सुरुवात करायची ते. ऑलिव्हरच्या १९२३ च्या तबकड्या आधी ऐका, आवाज खराब असला तरी. मग आर्मस्ट्राँगचं १९२८, मग बेसीचा १९३० च्या दशकातला बँड, मग पार्कर, मग माइल्स. प्रत्येक वेळी सूर सोडून द्या आणि एवढंच शोधा की ठेका सेटच्या कोणत्या तुकड्यावर आहे: बास ड्रम, हाय-हॅट की राइड. बाकीचं आपोआप उलगडेल.

वाजवायला बसलात तर तबल्याचा हात तुम्हाला नव्वद टक्के मदत करेल आणि एका जागी आडवा येईल. आपल्याला समेवर येण्याची ओढ असते. तिहाई बांधून समेवर ठाम उतरायचं, आणि श्रोता मान हलवणार. जॅझमध्ये आवर्तनाची पहिली मात्रा सगळ्यांना माहीत असते, म्हणून ती पुष्कळदा कुणीच वाजवत नाही. वाक्य समेच्या आधी संपतं किंवा समेवरून पुढे वाहत जातं, आणि त्या रिकाम्या जागेतून बास चालत असतो. मला हे काही केल्या जमेना. शेवटी गुरूंनी माझ्या सेटवरची क्रॅश सिंबल, म्हणजे सम ठासून दाखवायला मी वापरायचो ती मोठी झांज, काढून कपाटात ठेवली आणि तीन महिने परत दिली नाही.